निळी गाठ

आमच्या चर्चच्या वार्षिक कला-हस्तकला मेळ्यात पाहण्यासारखं काही असतं असं मानायचं असेल, तर आधी आइस्क्रीमच्या काड्यांच्या चर्चला कला म्हणावं लागतं. त्याच्या शेजारी प्लास्टिकच्या मण्यांचे हंस, चमच्यांची कमळं आणि टीव्हीवर टाकायचे रुमाल असतात. टीव्ही भिंतीला चिकटून सपाट झाले, त्यालाही आता वर्षं लोटली, पण महिला मंडळापर्यंत ती बातमी पोचलेली नाही.

मला एकच प्रश्न पडायचा. इतक्या वस्तू विकल्या जातात, तर त्या कुणाच्या घरात का दिसत नाहीत?

एमएस्सीला आम्ही तलावातल्या माशांचा अंदाज घ्यायचो. काही मासे पकडायचे, खूण करून सोडायचे आणि पुढच्या वेळी जाळ्यात खुणेचे किती येतात ते पाहायचं. बरेच आले तर तलावात मासे थोडेच आहेत, हे कळतं. मागच्या मेळ्यात आईच्या टेबलाशी कंटाळून बसले होते, तेव्हा सगळ्याच टेबलांवरून विकल्या गेलेल्या वस्तू बांधून देताना मी प्रत्येक वस्तूला मागून निळ्या धाग्याची बारीक गाठ मारली होती.

यंदा कारध्याहून ऑटोत येताना आईच्या मांडीवर एक गुंडाळी होती. तिनं पावसाळाभर बसून क्रोशाचं पांढरं कापड विणलं होतं, काठाला द्राक्षवेल. नाताळात ते प्रभुभोजनाच्या मेजावर अंथरलं जावं, एवढीच तिची इच्छा. ते ठरवणार देवकाबाई, मंडळाच्या अध्यक्ष.

"तिले माह्या हातची कदर आहे," आई म्हणाली. "दरसाली माही सगळ्यात चांगली चीज तेच घेते. घर भरलं असन तिचं."

देवकाबाईंच्या व्हरांड्यापलीकडे आई कधी गेली नव्हती.

मेळ्यात मी वस्तू उलटून पाहत फिरले. निळी गाठ हंसाच्या पोटाखाली सापडली, पर्सच्या अस्तरात सापडली, रुमालांवर तर सगळीकडे. बाया एकमेकींचं विकत घेत होत्या आणि पुढच्या वर्षी तेच परत मांडत होत्या. शेवटी देवकाबाईंच्या टेबलावर आईचा मोरांचा टेबलक्लॉथ दिसला. मागच्या वर्षीचाच, त्याच प्लास्टिकच्या पिशवीत.

मी तो आईसमोर नेला आणि निळी गाठ दाखवली.

"तूनं गाठ मारली? कायले?"

"पाहायला."

"आन का दिसलं?"

"आई, घडीसुद्धा तुझीच आहे. पिशवी उघडलेली नाही."

आईनं पिशवीवरून बोट फिरवलं. तेवढ्यात देवकाबाई आल्या. पिशवी पाहून त्या जराही ओशाळल्या नाहीत.

"अवो मालन, इतकं सुंदर का वापरायचं मनच होत नाही पहा! आन हे नवीन? दाखव, दाखव. द्राक्षं तर अशी का तोडून खावी!"

"नाताळाले मेजावर अंथराल का, बाई?" आईनं विचारलं.

"मेजावर? नाही वो. मेणबत्तीचं मेण पडते, द्राक्षरस सांडते. खराब होईन. त्यापरीस मीच घेते. घरी जपून ठेवते."

"जपून," आई म्हणाली.

तिनं कापड उचललं आणि सरळ माझ्या मामेभावाच्या, अनुपच्या तर्री-पोह्याच्या टेबलाकडे गेली. मेणकापड ओढून काढलं आणि टेबलावर द्राक्षवेल अंथरली. काठ सारखे केले. कोपऱ्याची एक सुरकुती तळव्यानं मोडली.

"अनुप, किटली ठेव."

"आत्या, का करून राहिली? किटली काळी आहे ना."

"ठेव म्हणते ना बाबू."

किटलीखाली काळं कडं उमटलं.

"हे भगवंता, सत्यानाश!" देवकाबाई धावत आल्या. "पोरी, तुही माय येडी झाली काय?"

"मावशी, हे विणलंच होतं अंथरायला," मी म्हणाले.

भुकेली माणसं थांबली नाहीत. पोह्याच्या बशा येत गेल्या, तर्रीचे लाल ओघळ वेलीवरून पसरत गेले. मेळ्यात वापरात आलेली ती पहिली वस्तू असावी.

देवकाबाईंनाही शेवटी भूक लागलीच. त्या बशी हातात अधांतरी धरून खात होत्या, खाली पदर धरून. आईनं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"ठेवा ना, बाई. हात दुखन."

"डाग पडन, मालन."

"पडू द्या. पुढच्या साली ओळखाले बरं."

देवकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग निळ्या गाठीच्या पिशवीकडे. आणि बशी खाली ठेवली. आईनं तिच्यात आणखी एक पळी तर्री ओतली, बशीच्या काठावरून वाहीपर्यंत.