दादाचं बटण

"बारके, ते 'द्या' आहे ना, ते जरा उद्धट वाटतंय गं."

दादाचा हा त्या आठवड्यातला कितवा फोन, हे बारकीने मोजणं सोडून दिलं होतं. तिने डोळे मिटले आणि मनातल्या मनात सख्ख्या भावाला दोन शिव्या हासडल्या.

बारकीचं काम म्हणजे बटणं. शर्टाची नव्हे, पैसे देण्याची. कुणी घरबसल्या चित्रं काढतं, कुणी गाणी रचतं, कुणी कॅमेऱ्यासमोर सायकली दुरुस्त करून दाखवतं. अशा एकट्यादुकट्या कलाकारांच्या वेबसाइटवर चाहत्यांनी पैसे द्यावेत म्हणून जे बटण असतं, त्यावर काय लिहायचं, त्याला रंग कोणता द्यायचा, ते कुठे बसवायचं, हे ती ठरवायची. दिसायला दोन-चार शब्दांचं काम. पण त्या शब्दांपायी भली भली माणसं घायकुतीला येतात. एका चित्रकार बाईंनी हट्टाने बटण स्वतःच्या हस्ताक्षरात करून घेतलं होतं, ते फक्त औषधाच्या दुकानदाराला वाचता आलं असतं. तरीही त्या बाई परवडल्या, असं म्हणायची वेळ दादाने आणली.

दादा दर आठवड्याला घरातल्या एका वस्तूवर बोलायचा. कात्री, चिमटा, कुलूप. भिंतींना जुन्या रजया टांगलेल्या अडगळीच्या खोलीत माइक घेऊन बसायचा आणि ती वस्तू कुणी केली, कशी बदलत गेली, ते रंगवून सांगायचा. बादलीच्या कडीवर तो तासभर बोलला आणि ऐकणारे म्हणाले, लवकर संपलं. ऐकणारे भरपूर होते. पैसे देणारं कुणी नव्हतं, कारण दादाने कधी मागितलेच नव्हते. घर वहिनीच्या पगारावर चाललं होतं. शेवटी वहिनीनेच तोंड उघडलं. बटण लावा, एक महिना बघू. काही आलं तर उत्तम. नाहीतर एक तारखेपासून माझ्या बाबांच्या फरशांच्या दुकानात गल्ल्यावर बसा, आणि हा कार्यक्रम बंद.

म्हणून हे बटण बारकीला जिवापाड महत्त्वाचं होतं. लहानपणी दादाच्या बडबडीवर ती जेवली होती, झोपली होती. फरशांच्या दुकानात बसलेला दादा तिला डोळ्यांसमोर आणवत नव्हता.

"या भागाचे पैसे द्या," तिने लिहिलं होतं. साधं, सरळ.

"मागे लागल्यासारखं वाटतं," दादा म्हणाला.

"बरं, 'पाठिंबा द्या'?"

"मी काय निवडणुकीला उभा आहे?"

"'मदत करा'?"

"अगं, घर जळालंय का माझं?"

"मग तूच सांग!"

दादाने सांगितलं. त्याला हवं होतं, "आवडलं असल्यास आणि गैरसोय होत नसल्यास, सवडीने, यथाशक्ती." एवढं सगळं बसवायला बटण नाही, दरवाजा लागला असता. बारकीने नकार दिला तसा तो रंगावर घसरला. लाल अंगावर येतो, हिरवा चमकतो, करडा बरा. करडा केला तर म्हणे, आणखी फिका कर. मग, थोडं लहान कर. मग, खाली ने. बारकीच्या लक्षात आलं, की आणखी दोन फोन झाले तर हे बटण पानावरून उतरून शेजारच्या घरी जाईल.

"दादा, भीड ही भिकेची बहीण असते," ती शेवटी ओरडली. ऑफिसातली सगळी माणसं वळून बघायला लागली. "तुझ्या तोंडून आणखी एक शब्द निघाला तर मी बटणच काढून टाकेन!"

त्या धमकीने दादा गप्प बसला. बटण लागलं. "या भागाचे पैसे द्या." हिरवं, ठळक, ऐकून झालं की बरोबर नजरेसमोर येणारं. दाबलं, रक्कम टाकली, दोन शब्द लिहायचे असले तर लिहिले, की "मनापासून आभार" असं पान उघडायचं.

आणि काही आलं नाही. बारकी रोज सकाळी दात घासायच्या आधी जमेचं पान उघडायची. शून्य. तिने बटणाचे कोपरे गोल केले, शून्य. जागा हलवली, शून्य. आपलं काम आपल्याला येतं, हा तिचा भरवसाच डळमळायला लागला. इतकी वर्षं परक्यांसाठी बटणं केली, त्यांची घरं चालली, आणि भावाच्या वेळी आडातच नव्हतं की पोहराच फुटका होता?

दादा मात्र मजेत होता. बारकीला त्याचाच जास्त राग येत होता. "नशिबात नसेल," म्हणायचा आणि पुढच्या भागासाठी बाटलीच्या झाकणाची माहिती गोळा करत बसायचा.

महिना संपत आला त्या रविवारी सकाळी ती त्याच्या घरी थडकली. वहिनी स्वयंपाकघरात होती, ओट्यावर भांडी जरा जास्तच आपटत होती. दादा झाकणं मांडून बसला होता. बारकीने त्याच्याशेजारी लॅपटॉप उघडला आणि स्वतःच्या फोनवरून बटण दाबलं. रक्कम टाकली. "मनापासून आभार" आलं. बँकेचा मेसेज मात्र आला नाही. तिने खातं तपासलं. एक पैसा गेला नव्हता.

बटणाला सराव नावाची एक सोय असते. नवीन बटण नीट चालतंय का बघायला ती वापरायची. सगळं खऱ्यासारखं होतं, आभारसुद्धा मानले जातात, फक्त पैसे कापले जात नाहीत. चाचणी झाली की सराव बंद करायचा. तो बंद करायला आपण विसरलो? एवढ्या गोंधळात इतकी मोठी चूक?

तिने सरावाचं पान उघडलं. चाचणी झाल्यापासून तिकडे ती फिरकलीच नव्हती. तिथे माणसांची रीघ लागली होती. देणाऱ्यांनी दिलं होतं, पुन्हा येऊन पुन्हा दिलं होतं. खाली नोंद होती, सराव कधी सुरू झाला आणि कुणी केला याची. बटण लागल्याच्या दुसऱ्या दिवशी. दादाने.

"दादा," ती म्हणाली, "हे तू केलंस?"

दादाने हातातलं झाकण खाली ठेवलं. "पहिल्याच दिवशी एका निवृत्त नर्सबाईंनी पैसे दिले. लिहिलं होतं, पेन्शन आली की आणखी देईन. बारके, पेन्शनीतले पैसे, आणि कशाला, तर बादलीच्या कडीला? मला झेपेना. ते पैसे मी त्याच रात्री परत पाठवले. मग मला ही सोय दिसली. लोकांना दिल्याचं समाधान मिळतं आणि पैसेही त्यांच्याकडे राहतात."

"समाधान? अरे, फसवलंस तू त्यांना! खोटे आभार मानलेस! आणि मी महिनाभर कोपरे गोल करतेय!" रागाने तिला रडू फुटलं. "दुकानात बसायचं होतं तर तसं सांगायचंस!"

भांड्यांचा आवाज थांबला होता. वहिनी दारात उभी होती.

"म्हणजे लोक देत होते?"

वहिनी आत आली, पदराला हात पुसत पडद्यावरची नावं वाचू लागली. वहिनी ओरडेल, अशी बारकीची खात्री होती. ती ओरडली नाही.

"अहो, मागायची लाज देवाने एकट्या तुम्हालाच दिलीय का?" ती म्हणाली. "घरमालकाला दर महिन्याला 'थोडं थांबा' कोण म्हणतं? ऑफिसात साहेबांकडे उचल कोण मागतं? बाबांच्या दुकानात तुमच्यासाठी जागा कोणी मागितली? मी. प्रत्येक वेळी मी. तुम्ही मागत नाही म्हणून मागणं काही संपत नाही. ते माझ्यावर येतं. मलाही तोंड वर करून बोलवत नाही. तरी मी बोलते."

दादाने मान खाली घातली. एका चिमट्यावर तासभर बोलणारा हा माणूस आता समोरची झाकणं उगाच सरळ करू लागला. बारकीला त्याची कीव आली आणि त्या कीवेचाही राग आला.

"त्या नर्सबाईंचं काय?" तो हळूच म्हणाला.

"तिने काय द्यायचं ते ती ठरवेल," वहिनी म्हणाली. "तिच्या वतीने नको म्हणणारे तुम्ही कोण?"

दादाने लॅपटॉप पुढे ओढला. सराव कसा बंद करायचा हे त्याला दाखवावं लागलं नाही. पुढच्या भागात सगळ्यांना खरं काय ते सांगतो, म्हणाला. "पण आता लोकांनी दिले तरी ते पैसे एक तारखेपर्यंत हातात येणार नाहीत," बारकी म्हणाली. वहिनीने निमूटपणे फोन उचलला. दुकानातली जागा आणखी महिनाभर राखून ठेवा, असं बाबांकडे मागायला तीच नंबर शोधू लागली, सवयीने.

"इकडे दे," दादा म्हणाला.

त्याने फोन हातात घेतला, उभा राहिला, पुन्हा बसला. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. पलीकडून सासऱ्यांचा आवाज आला तेव्हा दादाचे कान लाल झाले होते.

"बाबा, मी बोलतोय. नाही, ती बरी आहे. मीच केलाय फोन," तो म्हणाला. "मला तुमच्याकडे काहीतरी मागायचंय."