कोऱ्या कागदावरचा यशोधन

भोईवाड्यातल्या त्या हॉलमध्ये चपला काढायलाही जागा नव्हती. जिन्यावर, दारात, थेट फुटपाथपर्यंत चपलाच चपला. आत एसी, गुलाबपाण्याचा वास, आणि मांडी ठोकून बसलेली चांगली शिकलीसवरलेली माणसं. बँकेतून रिटायर झालेले, सीए, एक तर डेंटिस्ट. प्रत्येकाचं कोणी ना कोणी गेलेलं होतं, आणि बिंबनाथ महाराज ते कोऱ्या कागदावर परत आणणार होते.

मी वल्लरी. ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. आले होते दुर्गामावशीच्या काळजीने. तिचा एकुलता एक यशोधन गेल्या वर्षी बाइकवरून पडून गेला. तेव्हापासून ती दर गुरुवारी इथे यायची, आणि हल्ली तिचे पाय सुजायला लागले होते.

"फ्रीक्वेन्सी जुळू द्या," महाराज माइकवर म्हणाले. "आत्मा आधी धूसर येतो, मग ठळक. घाई नको, प्रवास लांबचा आहे."

ट्रॅफिकमुळे वडाळ्याहून इथे पोचायला मला तास लागला होता. त्या मानाने परलोक फारच जवळ निघाला. मावशीने पांढराशुभ्र कागद काचेच्या परातीतल्या पाण्यात सोडला आणि बघता बघता यशोधन वर आला. आधी भुवया, मग चष्मा, मग तो वाकडा दात. मीही पुढे वाकून बघत होते, खोटं कशाला बोलू.

मग त्याच्या खांद्यावर एक हात उमटला. बोटात चौकोनी खड्याची अंगठी. ती अंगठी त्या क्षणी माझ्या बोटात होती. आमच्या नात्यातल्या मधुराच्या लग्नातला फोटो होता तो. त्यातून मला कापलं, पण हात तेवढा राहून गेला. मी अजून जिवंत आहे, पेपर तपासते आहे, आणि माझा हात मात्र परलोकातून आलेला.

"मावशी, हा फोटो यांना कोणी दिला?"

"मीच. नाव नोंदवताना व्हॉट्सअ‍ॅपवर मागतात गं. संकल्पासाठी."

मला हसू फुटणार, तेवढ्यात मावशीने परातीतलं पाणी तळहातावर घेतलं, घोट घेतला, आणि ओला हात डोळ्यांना लावून डोक्यावरून फिरवला. शेजारच्या परातींपाशीही तेच चाललं होतं.

"महाराजांनी प्यायला सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं? तीर्थ आहे."

पुढच्याच महिन्यात तिच्या हिरड्या सुजल्या, तोंडाला सारखी धातूची चव, लघवी कमी. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि विचारलं, हिच्या रक्तात पारा कुठून आला? किडन्या जवळजवळ गेल्या होत्या.

मावशीच्या देवघरात, घरी दर्शनासाठी दिलेला आणखी एक कोरा कागद होता. त्याचा कोपरा मी लॅबमध्ये तपासला. पाराच. मग तिच्या घरी हायपो आणला. फिल्म आणि फोटो धुताना वापरतात ते रसायन. खिडकी उघडली, हातमोजे घातले आणि मावशीला समोर खुर्चीत बसवलं.

"बघ. मंत्र नाही, महाराज नाहीत." परातीतल्या हायपोच्या पाण्यात कागद सोडला. यशोधन आला. खांद्यावर माझा हात घेऊन आला.

"फोनमधल्या फोटोवरून फिल्म बनवतात," मी म्हटलं. "तिच्यावरून जुन्या पद्धतीच्या फोटोपेपरवर छापतात. मग पाऱ्याच्या विषारी क्षाराने धुतात. चित्र पांढरं पडतं, पण कागदातून जात नाही. हायपोच्या पाण्यात पडलं की पुन्हा काळं होतं. हौशी लोक अजून घरी फिल्म धुतात, मावशी. तिथे हे पाऱ्याचं विष नसतं, तरी ते हातमोजे घालतात, भांडी वेगळी ठेवतात. आणि तू हे प्यायलीस."

मावशीने सगळं नीट ऐकून घेतलं. उभी हयात ऑफिसात गेलेली बाई आहे ती.

"कळलं गं मला. मी काय खुळी आहे?" मग परातीकडे बघत म्हणाली, "पण वल्लू, तुझ्याही हातून येतो की तो."

आणि तिचा तळहात खोलगट होऊन पाण्याकडे निघाला. मी मनगट धरलं. तिने सोडवूनही घेतलं नाही, नुसती बघत राहिली. मला रडू आलं.

महाराजांविरुद्धच्या तक्रारीवर ती सही करत नाही. म्हणते, ते आत गेले तर बाकीच्यांना कोण दाखवणार? बाकीच्यांना मी सांगून पाहिलं. डेंटिस्ट म्हणाला, "मॅडम, आम्ही थेंबभरच घेतो." महाराजांचा माणूस म्हणाला, "ते कधी प्या म्हणालेत? रेकॉर्डिंग ऐका." खरंच म्हणालेले नाहीत. आता महाराज अँटॉप हिलला बसतात, आणि चपला तिथेही फुटपाथपर्यंत असतात.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या तळहातावर कोणी पाणी घातलं तर आधी विचारा, यात काय आहे? उत्तर मिळेपर्यंत पिऊ नका. देव यावर रागावत नाही. माणूस रागावला, तर उठून घरी या.

मावशीचं डायलिसिस चालू आहे. मी सोबत बसते. मशीन सुरू झालं की ती डोळे मिटून हळूच विचारते, "वल्लू, ते पाणी उरलंय का गं?"

मी दर वेळी नाही म्हणते.