चाकांवरच्या घरी पालखी

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. आजवर माझ्या ज्या गोष्टी लोकांनी मानल्या, त्या झाडून सगळ्या खोट्या होत्या. तेव्हा जी कोणीच मानणार नाही ती खरी असणार, एवढं कोणालाही कळेल.

सावर्ड्याचा बाजार उठल्यावर चिंचेखाली बसून मी हेच बोललो, तर चहावाला सदू म्हणाला, “लवूतात्या, दार एवढं मोठं, म्हणजे आतली थाप केवढी असेल! दुसरा कप भरू काय?”

“भर, आणि गप ऐक.”

“मी पण थांबतो,” गाडीवान केरू म्हणाला आणि बैलांपुढे पेंढा टाकून खाली बसला. “बैलांना तेवढीच विश्रांती.”

चिंचेच्या पलीकडे माझी मोटार उभी होती आणि तिच्या पायरीवर माझी बायको मालन तांदूळ निवडत बसली होती. ती मोटार म्हणजेच आमचं घर. कसं, ते आधी सांगतो.

मी जन्मभर आगबोटीवर आगवाला होतो. आगवाला म्हणजे बॉयलरच्या तोंडात कोळसा लोटणारा. बंदरं पुष्कळ केली, पण खालून सगळी सारखीच काळी दिसली. हात थकले, कंपनीने रामराम केला, तसा घरी आलो. घर समुद्राकाठी, माणसांनी गच्च भरलेलं. थोरला भाऊ विठू, वहिनी, सुना, नातवंडं. आणि त्या घरात मला झोप येईना, कारण घर हलतच नव्हतं! मी मालनला म्हटलं, “खाटेला जरा झोका दे गो.”

“तुमी बोटीवर होतात तेव्हा मी ह्या घरात सगळ्यांचे पाळणे हलवले,” ती म्हणाली. “आता तुमचा पण हलवू? त्यापेक्षा मलाच कुठंतरी न्या. तुमी दुनिया बघून आलात, मी अजून पालीचा बाजार बघितला नाय.”

पालीला माणसं नेणारी मोटार-सर्विस चालवणाऱ्या एकाने नवी मोटार आणली होती. जुनी त्याच्या परसात उभी होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. ती मी घेतली. दोन कोंबड्या काही केल्या उतरेनात, त्या मोटारीबरोबरच आल्या. बाकडी काढून टाकली, झोपायला एक ठेवलं. पुढे, हाकणाऱ्याच्या जागेशेजारी, मातीची चूल घातली. दार मागे होतं, त्याला दोन पायऱ्या ठोकल्या. दाराशी रॉकेलच्या डब्यात तुळस. टपावर फणसपोळी वाळत पडलेली. झालं घर.

सकाळी उठून मी इंजिनाची मनधरणी करायची आणि मालनने चुलीची, हा आमचा नेम. बहुतेक चूलच आधी पेटायची. विहीर आणि सावली एकत्र दिसली की मुक्काम. मुक्काम पडला की मालन पायरीपुढची जमीन शेणाने सारवी आणि वर रांगोळी काढी. मोटार पुढे जाई, अंगण मागे राही. “अलोऱ्यापासून पालीपर्यंत माझी अंगणं पडलीत,” ती म्हणायची. “खोतीणच झाले मी!”

एकदा ह्याच सावर्ड्याच्या चढावर पेट्रोल संपलं. मी हिचं नऊवारी लुगडं टपावर शिडासारखं ताणून बांधलं आणि वाऱ्यावर मोटार वर नेली.

“चढावर?” केरूने विचारलं.

“उतारावर काय, कोणीही नेईल.”

पायरीवरून मालन म्हणाली, “लुगडं फाटलं तेवढं खरं.”

असो. आता मुख्य गोष्ट. ती यंदाच्याच शिमग्यातली.

होळी जवळ आली तेव्हा आम्ही पालीच्या अलीकडे एका कातळावर मुक्कामाला होतो. चहूकडे उघडा कातळ, मधे एकच आंबा. आगबोट धक्क्याला लागली की दोराने बांधतात, तशी मी मोटारही रोज बांधून ठेवतो. अंगवळणी पडलेलं सुटत नाही. आंब्याशेजारी शेंदूर फासलेला एक धोंडा होता, चांगला जाडजूड, पक्का रोवलेला. म्हटलं, वा, धक्क्यावरचा खुंटाच! दोर टाकला, गाठी मारल्या. मोटारीचं तोंड धोंड्याच्या एका अंगाला, शेपूट दुसऱ्या अंगाला.

सकाळी इंजिनाने तोंडच उघडलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण आम्हाला जायचं कुठे होतं? मालन तर खुशीतच होती. तिने ट्रंकेतून नवा खण काढला आणि माझ्यापुढे धरला.

“ह्या शिमग्यात माझं स्वतःचं दार हाय,” ती म्हणाली. “पालखी येईल ना हो?”

आमच्याकडे शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघरी येते, आणि घरची बाई दारात देवीची ओटी भरते. आमच्या घरात तो मान थोरल्या वहिनीचा. मालन मागे पाण्याचा तांब्या धरून उभी. लग्न होऊन आली त्या वर्षापासून हातात तांब्याच. हे ती कधी बोलली नव्हती आणि मी शिमग्याला कधी घरी नव्हतो. तो खण बघेपर्यंत मला पत्ताच नव्हता.

मी तोऱ्यात म्हटलं, “न यायला काय झालं? दार आहे, चूल आहे, तुळस आहे. घराला आणखी काय शिंगं असतात?”

त्याच सकाळी त्या गावचा मानकरी भागोजी कातळावरून ताडताड चालत आला. मागे त्याची बायको हौसा.

“मोटार कुणाची ही?”

“माझी. घर आहे आमचं.”

“मग घर शिवेच्या धोंड्याला बांधलाव कशाला? शीव पळून जाईल म्हणून?”

तेव्हा मला कळलं की मी दोन गावांच्या हद्दीच्या देवालाच दोर टाकला होता! झटकन गाठी सोडल्या, धोंड्यापुढे नाक घासलं, नारळ फोडला. भागोजी जरा निवळला. हौसा तोवर मोटारीत शिरून सगळं बघून आली होती.

“आवो, आत खरीच चूल हाय!” ती नवऱ्याला म्हणाली. “आणि भाकरी काय फुगलेय! माझी पण अशी फुगत नाय.”

“ते मला सांगू नको, मी रोज खातो,” भागोजी म्हणाला.

मालन पुढे झाली. “भाऊ, उद्या तुमची पालखी निघतेय म्हणतात. आमच्या दारात आणाल?”

भागोजी मोटारीला एक फेरी घालून आला आणि डोकं खाजवू लागला.

“पंचाईत हाय बाय. तुमची चूल आमच्या गावात, पण दार गेलंय धोंड्याच्या पल्याड, त्या गावात. पालखी दारात येते, चुलीत नाय. आणि आमची पालखी शीव ओलांडत नाय.”

“मग त्या गावची?”

“त्यांची घरं फिरून झाली. पालखी देवळात बसली पण.” मग मालनचा चेहरा बघून तो म्हणाला, “असं करा, मोटार फिरवा. दार आमच्या गावात आलं की आमी नाय कशाला म्हणू?”

सोपी गोष्ट होती. फक्त इंजिन मेलेलं होतं.

तो सगळा दिवस मी मोटारीखाली उताणा. मला कोळसा कळतो, पेट्रोल कळत नाही. मी ठोकलं, फुंकलं, शिव्या दिल्या, मग माफी मागितली. मग दोघांनी मिळून ढकलून पाहिली, तर मोटार तेवढी उसासली. मालन बोलत असली की मला कसली भीती नसते, मग ती काही का बोलेना. पण ती गप्प झाली. ओटीचं ताट घासूनपुसून ठेवलं आणि खण घडी करून पुन्हा ट्रंकेत टाकला. मी पुन्हा मोटारीखाली शिरलो. हिला भरल्या घरातून उठवून मी चाकांवर आणून बसवलं होतं. तिथे निदान हातात तांब्या तरी होता.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तसा कातळापलीकडून ढोल ऐकू आला. आधी निशाण दिसलं, मग माणसं, मग त्यांच्या खांद्यांवर नाचत येणारी पालखी. मालनने खण परत काढला, ताटात तांदूळ नि नारळ ठेवले आणि मागच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. पालखी धोंड्याशी आली आणि थांबली. पुढचा दांडा भागोजीच्या खांद्यावर. पालखी शिवेच्या ह्या अंगाला, मालन त्या अंगाला, मधे आमची मोटार आडवी. ढोल पण थांबला. कोणी कोणाकडे बघेना.

“मग?” सदू म्हणाला. त्याचा कप हातातच राहिला होता.

“मग काय! आता ऐका, आणि मानू नका.”

पालखीने एक हेलकावा घेतला. असा, की धरणारे चार पावलं मागे गेले. तिकडे पालखी हलली आणि इकडे आमची मोटार कण्हली. कोंबड्या फडफडून टपावर. चुलीवरचं भांडं खळकन वाजलं. आणि बघता बघता ती मोटार, इंजिन मेलेलं, हाकणारा कोणी नाही, आपल्या आपण फिरू लागली! गोठ्यातली गाय वासराचा आवाज ऐकून कशी सावकाश वळते, तश्शी. शेपूट इकडे, तोंड तिकडे. मालन पायरीवर उभी ती उभीच, ताटातला तांदळाचा दाणा हलला नाही. मोटार थांबली तेव्हा पायरी बरोब्बर पालखीपुढे.

मालनने देवीची ओटी भरली. तिने घाई केली नाही. हळद लावली, कुंकू लावलं, खण नीट पसरला. तिच्यामागे तांब्या धरून मी उभा होतो.

मग भागोजीने गाऱ्हाणं घातलं, “हे जोडपं चाकांवर राहतंय, त्यांचं बरं कर. त्यांच्या टायरांना काटा लागू देऊ नको. इंजिनाला सुबुद्धी दे!” आणि सगळे ओरडले, “व्हय महाराजा!”

पालखी नाचत पुढे गेली. मालन पायरीवर बसली. एवढा मोठा श्वास सोडला तिने, की मला वाटलं मोटार पुन्हा हलते. “झालं गो बाय,” ती स्वतःशीच म्हणाली आणि हसायलाच लागली. मला पण इतकं हलकं वाटलं की मी खाली बसलो, नाहीतर उडून गेलो असतो. पुढे रत्नागिरीचा मिस्त्री आला. कोंबडीने टोचून तोडलेली वायर त्याने जोडली आणि आम्ही मार्गाला लागलो.

केरूने माझी मोटार चाकांपासून टपापर्यंत एकदा बघून घेतली. मग म्हणाला, “म्हणजे मोटारीला कोणी हातच नाय लावला?”

“एका माणसाचं बोट लागलं नाही! ह्या चिंचेची शपथ!”

मालनने मान खाली घातली होती, पण तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. तेवढ्यात माझ्या पाठीमागून आवाज आला.

“कुणाचं बोट नाय लागलं?”

वळून बघतो तर डोक्यावर हंडा घेतलेली भागोजीची हौसा! तिचं माहेर सावर्ड्याचं, हे कोणी मला सांगितलं असतं तर ही गोष्ट मी अलोऱ्याला जाऊन सांगितली असती.

“खोटारडे!” ती म्हणाली. “अर्ध्या गड्यांनी पालखी तोलून धरली नि अर्ध्यांनी तुमची मोटार मागनं उचलून फिरवली, कोंबड्यांसकट! पालखीचा दांडा दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन पहिला हात आमच्या घरधन्याने घातला. आणि तुमी आत बसून जोर लावायला नुसते ‘हाबेस, हाबेस’ ओरडत होताव, खाली उतरायला पण तयार नाय! बोट नाय लागलं म्हणे! मग शिमग्यापासून मी त्यांच्या कमरेला शेक कशाचा देतेय?”