इस्त्रीच्या खोलीतली तालीम

बारक्याने इस्त्रीचं टेबल ओढून खोलीच्या मधोमध आणलं, त्याचे पाय छातीच्या उंचीपर्यंत वर चढवले आणि दोन्ही हात टेकून घसा खाकरला.

"माझा शर्ट," भाऊजी म्हणाले.

टेबलावर अर्धा इस्त्री झालेला शर्ट होता. भाऊजींनी तो हळूच काढून घेतला, गरम इस्त्री खिडकीच्या कट्ट्यावर उभी केली आणि कपड्यांच्या टोपलीवर जाऊन बसले. बहीणभावांची तालीम सुरू झाली की बाकीच्या माणसांनी जागा सोडायची असते, हे त्यांना लग्नानंतर लगेचच कळलं होतं.

पंतप्रधानांच्या बंगल्यात बसायच्या खोल्या हव्या तेवढ्या होत्या. पण त्या खोल्यांत झुंबरं होती आणि झुंबरांना कान असतात, असा ताईचा पक्का समज होता. इथे एक पिवळा दिवा आणि भिंतीपलीकडे कपडे धुण्याचं यंत्र. ते घरघरायला लागलं की दाराबाहेरच्या माणसाला आतलं अक्षर ऐकू येत नसे. या सरकारचे बरेच मोठे निर्णय चादरी धुतल्या जात असताना झाले होते.

ताई पंतप्रधान होती आणि बारक्या पक्षाचा प्रतोद. मतदानाच्या वेळी पक्षाचा प्रत्येक सदस्य जागेवर असला पाहिजे आणि त्याचा हात योग्य वेळी वर गेला पाहिजे, एवढंच प्रतोदाचं काम. ते तो कसं करतो हे कोणी विचारत नाही आणि त्यानेही सांगायचं नसतं. शाळेत असताना तो काडीसारखा होता, तेव्हा पडलेलं हे नाव. आता तो उठला की खुर्चीही जरा त्याच्याबरोबर उठायची, पण नाव तेवढं चिकटून राहिलं होतं.

तालमीची सवयही शाळेतलीच. वक्तृत्वस्पर्धेच्या आधी ताई बोलायची आणि बारक्या विरोधातला मुलगा व्हायचा. नियम एकच होता: ज्याचं सोंग, त्याचा आवाज. पुढे स्पर्धा मोठ्या झाल्या, नियम तोच राहिला. विरोधी पक्षनेत्याचा कोरडा खोकला, अर्थमंत्र्यांचं प्रत्येक आकड्याआधी चष्मा पुसणं, सगळं बारक्याकडे जमा होतं. माणसाला एकदा घरात पोटभर हसून घेतलं की सभागृहात त्याची भीती वाटत नाही, असा ताईचा हिशेब होता आणि आजवर तो चुकला नव्हता.

आज सोंग मास्तरांचं होतं. शिक्षणमंत्र्यांना सगळे मास्तर म्हणत. मंत्री होण्याआधी ते खरोखरच शाळेत शिकवत असत आणि अजूनही दर दुसऱ्या वाक्यानंतर 'समजलं का?' म्हणून थांबत. दुपारी चार वाजता पक्षाची बैठक होती. निवडणुकीच्या तोंडावर नेता बदला, अशी मागणी तिथे होणार आणि ती मास्तर करणार, अशी कुजबुज चालली होती. ती पहिल्यांदा ताईच्या कानावर घातली होती बारक्यानेच.

"चला, मास्तर," ताई म्हणाली. ती भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी होती. "पाडा मला."

बारक्याने हनुवटी छातीला लावली, चष्मा नाकावर ओढला.

"मित्रहो, आपण आज एका वळणावर उभे आहोत. समजलं का? आणि वळणावर गाडीचा वेग कमी करावा लागतो. समजलं का?"

भाऊजी टोपलीवर खुदखुदले. ताईही हसली.

"वेग कमी करायचा तर ड्रायव्हर कशाला बदलताय?" ती म्हणाली. "ब्रेक दाबायला सांगा ना."

"ब्रेक दाबायला सांगितला होता. कोणी ऐकलं नाही." बारक्याने चष्मा वर सरकवला. "ताई, गेल्या खेपेला आम्ही तुमच्या नावावर निवडून आलो, हे कोणी नाकारत नाही. पण आता दारोदार जातो तेव्हा तुमचं नाव घेतलं की लोक दार लोटून घेतात. तुम्हाला हे कळत नाही, कारण तुमच्यासमोर दारं उघडायला माणसं ठेवलेली असतात."

"माझ्यासमोर कोणती दारं उघडायची ते पक्षच ठरवतो. तक्रार पक्षाकडे करा."

"पक्ष म्हणजे कोण? तुम्ही हसून निघून जाता, मागे राहतो कोण? जो मत द्यायला तयार नाही त्याच्या घरी जाऊन बसायचं, त्याची जुनी लफडी त्याच्या बायकोसमोर आठवून दाखवायची, रडेपर्यंत उठायचं नाही. तुमचा प्रत्येक कायदा असा पास झालाय. ज्यांना रडवलं त्यांची मुलं माझ्या मुलांच्या वर्गात आहेत. त्यांच्या वाढदिवसाला माझ्या पोरांना बोलावणं येत नाही. चांगल्या तुम्ही झालात. वाईट मी झालो. आणि अजून किती वर्षं मी…"

यंत्र धुणं संपवून पिळायला लागलं होतं, त्याचा आवाज चढला. बारक्या बोलताना टेबलावर पुढे वाकला होता. त्याची हनुवटी केव्हाच वर आली होती.

"वा!" भाऊजी म्हणाले. "भाषण झकास. पण बारक्या, मास्तर गेला कुठे मधेच? मास्तरने कधी कोणाला रडवलंय? वर्गातली पोरं त्याचं ऐकायची नाहीत. आणि त्याला पोरं तरी कुठे आहेत?"

भाऊजी दातांचे डॉक्टर होते, निवृत्त झालेले. दुखऱ्या जागी नेमकं बोट ठेवायचं आणि वर 'दुखतंय का?' असं प्रेमाने विचारायचं, ही त्यांची जन्मभराची रीत. आत्ताही ते उत्तराची वाट पाहत हसऱ्या चेहऱ्याने बसले होते.

बारक्याने टेबलावरची नसलेली सुरकुती तळव्याने सारखी केली.

"अहो," ताई म्हणाली, "इस्त्री तापलीय. कट्टा जळेल."

भाऊजी उठले, इस्त्रीचं बटण बंद केलं, एकदा बायकोकडे आणि एकदा मेव्हण्याकडे पाहिलं. मग शर्ट खांद्यावर टाकून, "चहा सांगतो," असं म्हणत बाहेर गेले आणि जाताना दार ओढून घेतलं.

ताई टेबलाजवळ आली. बारक्याला वाटलं, आता ती त्या आवाजात बोलणार. तो आवाज त्याने दुसऱ्यांवर चालताना ऐकला होता. त्यानंतर माणसं घरी जाऊन राजीनामा लिहायची.

"'वाईट मी झालो' हे काढून टाक," ती म्हणाली. "बैठकीत कोणाला कोणाची कीव करायला वेळ नसतो."

"ताई…"

"मास्तरला सांगतेय मी. आणि मुलांचं तर अजिबात नको. ते खरं आहे ना, म्हणून नको. खरं बोलताना आवाज फाटतो." ती जरा थांबली. "खरंच बोलावत नाहीत पोरांना?"

"नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतंस? मुलांच्या वाढदिवसाला पोलीस पाठवले असतेस."

ताईला हसू आलं. ते तिने आवरलं नाही.

"माणसं पुरेशी आहेत?" तिने विचारलं.

"कोणाची?"

"मास्तरची."

बारक्या खिडकीकडे बघत राहिला. "आहेत."

"काठावर, की भरपूर?"

"भरपूर."

"मला पत्ताच नाही." ताईने मान हलवली. सुताराने शिकाऊ माणसाच्या हातचा सांधा दाबून बघावा आणि तो हलू नये, तसं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं. "किती दिवस चाललं होतं हे? जाऊ दे, सांगू नकोस. बाजूला हो. आता मी मास्तर आणि तू मी."

"आता कशाला तालीम?"

"बाजूला हो म्हटलं ना."

तो भिंतीशी गेला. ताई टेबलामागे उभी राहिली. तिने कोणाचाही आवाज काढला नाही.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही आमच्यासाठी जे केलंत त्याचे आभार कसे मानायचे, हेच आम्हाला कळत नाही. तुम्ही नसतात तर आमच्यातले अर्धे आज घरी बसले असते. तुम्ही दमला आहात, हे आम्हाला दिसतं. तुम्ही म्हणणार नाही, म्हणून आम्ही म्हणतो. आता आमचं ओझं थोडं आमच्याकडे द्या." ती थांबली. "असं पाडतात, बारक्या. शिव्या देऊन नाही. शिव्यांना उत्तर देता येतं. आता दे उत्तर."

बारक्याने या घरात पंतप्रधान सोडून सगळ्यांची सोंगं काढली होती.

"मी दमले की मीच सांगेन," तो अखेर म्हणाला.

"बरं आहे. पण खाली बघून म्हणालास. समोर बघ."

"मी दमले की मीच सांगेन."

"हं. आता जमलं. खांदे खाली."

दार न वाजवता भाऊजी चहा ठेवून गेले. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभी राहून चहा प्याली. ताईआधी काका नेते होते. त्यांनीच या दोघांना बोटाला धरून पक्षात आणलं होतं. त्यांना पाडायची तालीम ताईच्या जुन्या घरातल्या स्वयंपाकघरात झाली होती आणि ती उत्तम वठली होती. काका आता गावाबाहेरच्या मोठ्या घरात राहत. ताईचा फोन आला की ते झोपलेले असत, मग सकाळ असो की दुपार.

"मी काकांना सांगितलं होतं, की आपलं नातं तेच राहील," ताई कपाकडे बघत म्हणाली. "मला तेव्हा ते खरं वाटत होतं. तू मला काय सांगणार होतास?"

"तेच."

"वाटलंच."

बारक्याने कप ठेवला. त्याचं नाक लाल झालं होतं, लहानपणी व्हायचं तसं. "ताई, थांबवू का मास्तरला? अजून वेळ आहे. दोन फोन केले तर…"

"वेडा आहेस. एवढी माणसं गोळा केल्यावर थांबलास, तर ती उद्या तुलाच खातील. आणि मग मला." तिने त्याच्या शर्टाची कॉलर धरली, बोटांनी दाबून बघितली. "हे असं चुरगळलेलं घालून जाणार होतास राज्य घ्यायला? काढ. ह्यांचा घाल."

दारामागे टांगलेला भाऊजींचा दुसरा, इस्त्री झालेला शर्ट त्याच्या पोटावर ताणला गेला. ताईने खालचं बटण स्वतः लावून दिलं आणि म्हणाली, "श्वास जपून घे."

चार वाजता सभागृह गच्च भरलं होतं. मास्तर पुढच्या रांगेत बसून ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होते. त्यांनी पहिलं वाक्य बोलायचं, मग बारक्याने उठायचं, असं ठरलं होतं. बारक्याची माणसं रांगारांगांतून त्याच्या नजरेची वाट पाहत होती.

मास्तर उठण्याआधी ताई उठली.

"मी दमलेय," ती म्हणाली, आणि सभागृहातली कुजबुज एकदम थांबली. "घरून परवानगी घेऊन आलेय, तेव्हा कोणी आग्रह करू नका. निवडणुकीला नवा माणूस लागेल. तो कोण, यावर तुम्ही भांडत बसाल आणि तेवढ्यात निवडणूक होऊन जाईल. म्हणून मीच सुचवते. तुमच्यातल्या प्रत्येकाला जो ओळखतो, आणि तरीही ज्याच्याशी तुम्ही बोलता, असा एकच माणूस आहे. माझा भाऊ आहे हा त्याचा दोष, त्याला इलाज नाही."

बारक्याच्या माणसांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. ज्यासाठी आठवडेच्या आठवडे दबक्या आवाजात बोललो, ते असं आयतं ताटात वाढून मिळालं, म्हणून हसावं की चिडावं, त्यांना समजेना. त्यांचे उपकार बारक्यावर चढणार होते. आता चढायला जागाच राहिली नव्हती. मास्तर गडबडीने उठले आणि पाठ केलेलं सगळं गिळून म्हणाले, "माझं अनुमोदन." मग टाळ्या सुरू झाल्या आणि वाढत गेल्या.

बारक्या पुढे गेला. ताईने त्याला सगळ्यांदेखत जवळ घेतलं. तिचे डोळे ओले होते आणि ते सोंग नव्हतं. सोंग कसं दिसतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

"आणि एक," ताई त्याच्या खांद्यावर हात तसाच ठेवून सभेला म्हणाली, "हा इथे आला म्हणजे प्रतोदाचं काम रिकामं झालं. खुर्चीचा कंटाळा आला असला तरी मला माणसांचा आलेला नाही. नव्या पंतप्रधानांची हरकत नसेल, तर ते मी बघेन."

सभेत प्रेमळ हशा झाला. एवढी मोठी बाई आणि एवढं लहान काम मागतेय, म्हणून काहीजण उभे राहून टाळ्या वाजवू लागले. ताईने मान वळवून भावाकडे पाहिलं.

"हरकत आहे का रे?"

बारक्याने सभागृहाकडे बघितलं. सगळे चेहरे त्याच्याकडे होते.

"नाही," तो म्हणाला.

तिने त्याचा गाल थोपटला आणि मधल्या वाटेने मागे निघाली. जाता जाता कोणाचा हात हातात घेतला, कोणाला तब्येत विचारली. प्रतोदाची खुर्ची शेवटच्या रांगेत, दाराला लागून असते. आत कोण आलं, मधेच कोण उठून गेलं, कोण कोणाच्या कानाशी लागलं, ते सगळं तिथून दिसतं, आणि तिथे बसलेल्याकडे कोणी वळून बघत नाही. बारक्याने आयुष्यातली चांगली वर्षं त्या खुर्चीत काढली होती, पण समोरून ती त्याने आज पहिल्यांदा पाहिली.

ताई बसली. तिने पर्स मांडीवर घेतली आणि शेजारच्या सदस्याकडे झुकून हळूच काहीतरी विचारलं. तो हसला, मग जरा विचारात पडला. नंतर तिने मान वर केली आणि लांबूनच, बोल रे, घाबरू नकोस, असा हात केला.