आपोआप मेलेल्या माश्या

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकापुढे सत्याला लपायला जागा उरत नाही. हे वाक्य कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या उपकरण केंद्राच्या दारावर सोनेरी अक्षरांत रंगवलेलं आहे. दार दिवसभर उघडं राहतं, त्यामुळे वाक्य दिवसभर भिंतीकडे तोंड करून असतं.

आत दादासो मगदूम एकोणीस वर्षं त्या यंत्रावर बसत होता. मूळचा कुरुंदवाडचा, जैन घरातला. बारावीला झुरळ कापावं लागेल म्हणून त्यानं जीवशास्त्र सोडलं आणि फिजिक्स धरलं. फिजिक्सनं त्याला फिरवून आणून झुरळाच्याच पायाचे फोटो काढायला बसवलं. त्याची अट एकच होती, नमुना मेलेला यायला हवा. तो कुणी मारला, कसा मारला, हे तो विचारत नसे. न विचारण्याच्या जोरावर त्याची अहिंसा एकोणीस वर्षं ठणठणीत होती.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी चंदगडकडची झुंबरबाई पेढ्यांचा बॉक्स घेऊन आली. दादासोला वाटलं, कुणाच्या तरी नातवाचा निकाल लागला. बॉक्समध्ये मेलेल्या मधमाश्या होत्या.

"सतरा पेट्या हुत्या," झुंबरबाई म्हणाली. "सरपंचानं काजूच्या मोहरावर पावडर मारली, आन् दोन दिसांत अकरा पेट्या गेल्या. आता गाव म्हंतंय, म्हातारीच्या माशास्नी रोग हाय. उरलेल्या सा पेट्या सोमवारी जाळायच्या, ग्रामसभेत ठरलंय. रोग न्हाई असा कागूद आणला तर सोडत्यात."

"पावडर मारली कुणी म्हणालात?"

"सरपंचानं."

"आणि ग्रामसभेत बोललं कोण?"

"त्योच की!"

दादासोनं चष्मा पुसला. "मावशी, नुसत्या ह्या बघून भागत नाही. तुलनेला उरलेल्या पेट्यांतल्या निरोगी माश्याही लागतात."

"मग जित्त्या आणू?"

जिवंत आणल्या तर त्या त्यालाच माराव्या लागणार होत्या. घरात खोकल्याच्या औषधातसुद्धा मध चालत नव्हता. "जिवंत नको," तो घाईनं म्हणाला. "आपोआप मेलेल्या आणा."

शुक्रवारी दुपारी ती पुन्हा हजर झाली, एसटीनं अंग खिळखिळं करून घेऊन. उरलेल्या पेट्यांखाली पडलेल्या माश्या तिनं काडेपेटीत वेचून आणल्या होत्या. दादासोनं दोन्हीकडच्या माश्या चकत्यांवर चिकटवल्या आणि मुलाम्याच्या यंत्रात ठेवल्या.

"ह्ये काय करतासा?"

"सोन्याचा पातळ थर देतो. त्याशिवाय फोटो नीट येत नाही."

"मेलेल्या माशीला सोनं?" झुंबरबाई खुर्चीत मागं टेकली. "आमचा म्हातारा गेला तवा त्येच्या तोंडात घालाय गुंजभर गावलं न्हाई ओ."

पडद्यावर पेढ्यांच्या बॉक्समधली माशी उमटली. डोळ्यांवरसुद्धा केस उगवलेले. मागच्या पंखाच्या कडेला आकड्यांची रांग, पुढच्या पंखात अडकवायला. नांगीला उलटे दाते. पोटाच्या कुशीला श्वास घ्यायची भोकं, आणि त्या भोकांत बारीक कण ठासून बसलेले, बुजवल्यासारखे. दादासोनं काडेपेटीतली माशी लावली. तिच्याही भोकांत तेच कण.

केंद्राचे प्रमुख डॉ. धैर्यशील मागं येऊन उभे राहिले. "वा! काय फोटो आलाय! कॅलेंडरला घालू." मग त्यांनी दादासोनं टाइप केलेल्या अहवालावर सही केली. निरोगी आणि मृत नमुन्यांत फरक आढळला नाही, असं त्यात लिहिलं होतं.

दादासोनं ते वाचून दाखवलं.

"म्हंजे माझ्या चांगल्या माशा बी रोगट?"

"तसं नाही मावशी. दोन्ही सारख्याच दिसतात, एवढंच."

"अवो पावणं, सारख्या दिसतीलच की! दोन्हीकडच्या मेलेल्याच हाईत."

दादासोनं काडेपेटी पुन्हा उघडून पाहिली. निरोगी म्हणून त्यानं ज्या मागवल्या होत्या, त्याही त्याच काजूवर जाऊन आल्या होत्या. हा कागद गावात वाचला की सरपंचाला काडी ओढायची तेवढी बाकी.

झुंबरबाईनं पिशवीतून काचेची बरणी काढली. तोंडाला फडकं, आत बारा जिवंत माश्या. "पेटीच्या आतल्या हाईत, भाईर न गेलेल्या. तुमी नगं म्हणालासा म्हणून पिशवीतच ठेवल्या." तिनं बरणी टेबलावर ठेवली आणि पेट्यांजवळ कुणीतरी पायजे म्हणून शेवटची एसटी गाठली.

दादासोनं पहिला अहवाल फाडला. आता बारा माश्या मारायच्या होत्या. त्या आपोआप मरतात का, म्हणून त्यानं शनिवार दुपारपर्यंत वाट पाहिली. मरेनात. म्हातारीनं आत खडीसाखरेचा खडा टाकला होता.

शेवटी तो बरणी घेऊन रसायनशास्त्राच्या फ्रीजरकडे गेला. दार लावून तिथंच उभा राहिला. आतला आवाज आधी जाड झाला, मग बारीक, मग माश्यांचा कुठला आणि मोटरचा कुठला ते कळेना. त्यानं णमोकार मंत्र म्हणायला घेतला, पण तो कुणासाठी म्हणायचा हे ठरेना. घरी आईनं विचारलं, "जेवत का न्हाईस?" तो म्हणाला, "उपास आहे."

रविवारी त्यानं केंद्र उघडलं. बाराही माश्यांची भोकं स्वच्छ होती, सडा मारलेल्या अंगणासारखी. कण कशाचे ते हे यंत्र सांगत नाही, पण ते कुठं आहेत आणि कुठं नाहीत हे आता स्पष्ट दिसत होतं. उरलेल्या पेट्यांतल्या माश्या निरोगी आहेत, असं त्यानं ठळक टाइपात लिहिलं. डॉ. धैर्यशील एका जेवणावळीत होते. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर सही केली आणि कागदाला लागलेला तांबडा रस्सा रुमालानं पुसला.

दादासोनं तिथूनच फोन लावला.

"मावशी, कागद झाला! रोग नाही. मी स्वतः घेऊन येतो, उद्या पहिल्या गाडीनं."

"जाळल्या की ओ सकाळीच," झुंबरबाई म्हणाली.

"सकाळी? पण सोमवार ठरला होता ना?"

"सोमवारी बाजार असतोय."