ती उतरलीच नाही

एक सहकारी आजारी पडला म्हणून ड्रायव्हरला त्या सकाळी दुसऱ्याच मार्गाची बस मिळाली. वाटेत लेकीची शाळा लागते हे आठवून त्याला बरं वाटलं. लेक, माऊ, मागच्या दाराने चढली ती त्याला आरशात दिसली. मान खाली, दप्तर पोटाशी धरलेलं. उतरताना हाक मारून तिला चकित करायचं त्याने ठरवलं.

शाळेचा थांबा आला. गणवेशातली मुलं धडाधड उतरली. माऊ जागची हलली नाही.

"एक मुलगी राहिलीय," तो कंडक्टरला म्हणाला.

"ती होय? ती रोजचीच. शेवटपर्यंत जाते, त्याच बसने परत येते, शाळा सुटेपर्यंत असंच. कुणाच्या अध्यात ना मध्यात. चला तुम्ही."

ड्रायव्हरची नजर पुन्हा पुन्हा आरशाकडे जाऊ लागली. गाडी भरलेली, मागे हॉर्नचा कल्लोळ. उठता येईना, ओरडता येईना. पुढच्या चौकात एक स्कूटरवाला जेमतेम वाचला, तेव्हा कुठे त्याने आरशावरची नजर काढली.

शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली. कंडक्टर चहाला गेला. ड्रायव्हर मागे आला तशी माऊ पांढरीफटक पडली.

"बाबा."

चांगलं फैलावर घ्यायचं असं वाटेत ठरलं होतं. तिने दप्तर आणखी घट्ट धरलेलं बघून ते राहूनच गेलं. तो शेजारी बसला.

"कोणी त्रास दिला का?"

"नाही. कावीळ झाली तेव्हाचं सगळं बुडालं. गणितातलं ओ की ठो कळत नाही. सर फळ्यापाशी बोलावतात, मी नुसती उभी राहते. पोरं हसतात. मग एके दिवशी उतरलेच नाही. आता गेले तर विचारतील, इतके दिवस कुठे होतीस."

"आणि घरी शाळेतल्या गमती सांगायचीस, त्या?"

"मनानेच."

त्याने वर्गशिक्षिकेला फोन लावला. "कावीळ उलटली असा निरोप होता," बाई म्हणाल्या. त्याने माऊकडे पाहिलं, तिने खिडकीकडे. त्याने सगळं सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "आज वर्गात नको. माझ्याजवळ वाचनालयात बसू दे. सरांशी मी बोलते. मीच थांब्यावर येते."

परतीच्या फेरीत बाई खरंच उभ्या होत्या. दार उघडलं. माऊ पायरीपर्यंत आली आणि दांडा धरून तिथेच खिळली.

"अहो, हलवा की गाडी," कोणीतरी करवादलं. कंडक्टरचा हात घंटीकडे गेला. ड्रायव्हरने इंजिनच बंद केलं. मागे वळून बघायचं त्याने कटाक्षाने टाळलं. ओढून नेलेली पोर उद्या पुन्हा निसटेल, एवढं त्याला कळत होतं.

बाई पुढे आल्या नाहीत. "चल गं," त्या म्हणाल्या, "मलाही पुढचा तास आहे."

"बाबा, न्यायला याल?"

"ड्युटी संपली की थेट."

ती उतरली. त्याने पुन्हा किल्ली फिरवली.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. नंतरही एकदोनदा माऊ बसमध्येच बसून राहिली. पण आता तिचा थांबा आला की कंडक्टर शेजारी येऊन उभा राहायचा, आणि बाई दुपारी तिला गणित शिकवायच्या. वर्षअखेर ती काठावर का होईना, पास झाली. फळ्यापाशी जायला मात्र अजून घाबरते. तरी जाते.