माझ्या अंगातल्या लाटा

मी एक घडीचा चाकू आहे. जुना म्हणावा इतका जुना नाही, सहाच वर्षांचा. पण या सहा वर्षांत माझं कौतुक झालं, मला बोलणी बसली, मी खणात पडून राहिलो आणि माझ्यापायी एका भल्या बाईवर खोटा आळही आला. म्हणून मित्रांनो, सांगण्यासारखं माझ्याजवळ बरंच आहे. फक्त एक अट आहे. गोष्ट खुशाल ऐका, पण घरातल्या मोठ्या माणसांना विचारल्याशिवाय माझ्या भावंडांना हात लावू नका. आमच्याशी ओळख जरा बेतानंच करायची असते.

मला पाहिलं की प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. या पात्यावर लाटा कुठून आल्या? माझी धार सरळच आहे, पण पात्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या-रुपेरी रेषा आहेत, ओहोटीनंतर राजोडीच्या समुद्रकिनारी ओल्या वाळूवर उमटतात तशा. कोणी म्हणतं रंगवल्यात, कोणी म्हणतं कोरल्यात. दोघंही चुकतात. खरं उत्तर मलाही बरीच वर्षं ठाऊक नव्हतं.

माझा जन्म विरारचा. तिथे दिनानाथ नावाचे एक निवृत्त फिटर राहतात. चारचौघं निवृत्तीनंतर बागेत फिरायला जातात, यांनी पत्र्याची शेड भाड्याने घेऊन भट्टी पेटवली. एका ट्रकच्या स्प्रिंगची मोडकी कमानपट्टी आणि लाकडाच्या वखारीतल्या करवतीचं जुनं पातं, हे माझे आईबाप. दिनानाथांनी दोघांच्या मिळून नऊ पट्ट्या कापल्या, एकाआड एक रचल्या, सांधा नीट धरावा म्हणून वर टाकणखार भुरभुरवला आणि पिवळ्याधमक होईपर्यंत तापवून घणाखाली त्यांचा एक जीव केला. मग तो तुकडा लांबवला आणि दुमडला. पुन्हा लांबवला, पुन्हा दुमडला. असं चार वेळा. नऊ पदर चार वेळा दुमडले, तर किती झाले? वहीच्या मागच्या पानावर मांडून बघा.

पुढे मला पातं म्हणून घडवलं आणि लालबुंद असताना तेलात बुडवलं. लोहार याला पाणी पाजणं म्हणतात, मला मात्र तेल पाजलं. त्याने मी इतका कडक झालो की पडलो असतो तर काचेसारखा फुटलो असतो. तो ताठा उतरावा म्हणून दिनानाथांनी मला आपल्या पत्नीच्या, सुमेधाताईंच्या, केकच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवलं. सुमेधाताई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. शेवटी मला कसल्याशा द्रावणात बुडवून काढलं, तेव्हा अंगावर लाटा होत्या. त्या कशा आल्या ते मला कळलं नाही. बारशाचं बाळाला काय आठवणार?

मला बघून लोक ‘दमास्कस’ म्हणत, आणि मी फुगून जात असे. दमास्कस हे सीरियातलं शहर. तिथल्या तलवारींवर अशाच लाटा असत, आणि त्यांचं पोलाद म्हणे आपल्या दक्षिण भारतातल्या मुशीतून, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यातून, जात असे. ते पोलाद वेगळं. त्यातल्या रेषा मुशीतच तयार होत. माझ्यासारख्या पदरापदरांच्या पोलादाने फक्त नाव उसनं घेतलंय. पण हे तेव्हा मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मला घेतलं फ्रेडरिक यांनी. वसईजवळ त्यांची केळीची आणि फुलांची वाडी आहे. कलमं बांधायला त्यांना चांगला चाकू हवा होता. फणसाच्या लाकडाच्या माझ्या मुठीवर त्यांचा अंगठा नेमका बसला. पाच वर्षं आम्ही चिकू बांधले, आंबे बांधले, दारच्या अनंताच्या झाडाला कलम केलं. पाहुण्यांना ते मला खिशातून काढून दाखवत आणि म्हणत, “लाटा बघा. याचा जीव लाटांत आहे.” मी ते खरं मानत होतो.

मग गेल्या वर्षीचा नाताळ आला. नाताळच्या आधी या घरात धातूची प्रत्येक वस्तू चकाकली पाहिजे असा रिवाज आहे. फ्रेडरिकच्या पत्नी रिटाबाई ओट्याशी पितळी मेणबत्तीदाण्यांचा आणि क्रूसांचा ढीग घेऊन बसल्या होत्या. त्या ढिगात मीही सापडलो. त्यांना वाटलं, वाडीतल्या चिकाचे डाग पडलेत. त्यांनी मला चिंचेने घासलं. पण गंमत बघा, पितळ लखलखलं आणि माझे डाग उलट आणखी काळे झाले. तेव्हा त्यांनी बारीक पॉलिश पेपर आणला आणि तासभर नेटाने घासून मला आरशासारखा गुळगुळीत केला. एकही लाट उरली नाही. रिटाबाई मनापासून खूश झाल्या होत्या, हे मला सांगितलंच पाहिजे.

फ्रेडरिकनी मला पुन्हा पुन्हा उलटून लाटा शोधल्या आणि ते हिरमुसले. मीही मनातून खचलो. लाटा गेल्या म्हणजे मीच गेलो, असं मला वाटलं.

त्यातच घरावर खरं संकट आलं. दारात सोनचाफा आहे, रिटाबाईंच्या आईने त्यांना लग्नात दिलेला. फिकट, बारीक पाकळ्यांचा तसा चाफा गावात दुसरा नाही. त्याचं खोड किड्याने आतून पोखरलं होतं आणि झाड शेजारच्या निकोलसच्या छपरावर झुकलं होतं. फेब्रुवारीत ते तोडायचं ठरलं. त्याआधी त्याच्या काड्यांची साध्या चाफ्याच्या रोपांवर कलमं बांधली आणि ती जगली, तर चाफा उरणार होता, नाहीतर संपला. जानेवारीत मुलगा स्टॅनी म्हणाला, “पप्पा, चाकू एकदम बोथट झालाय. मी दोन मिनिटांत धार मारून आणतो.” त्याने मला धारवाल्याच्या सायकलवरच्या फिरत्या दगडी चाकाला लावून आणलं. ठिणग्या अशा उडाल्या की स्टॅनीने मोबाइलवर व्हिडिओ काढला. धारेवर एक मोरपिशी डाग पडला, तो कोणाच्या डोळ्यांत भरला नाही.

पहिली काडी मी झकास कापली. दुसरीला अडखळलो. तिसरीपासून सालं ओरबाडू लागलो. आठ कलमं बांधली, आठही काळी पडली.

“याचा जीव लाटांत होता,” फ्रेडरिक म्हणाले. “तू तो घासून काढलास, रिटा. चाफा तुझ्याच हाताने गेला.”

रिटाबाईंनी काळ्या काड्या गोळा केल्या. त्या आत गेल्या आणि मी खणात गेलो. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी काय सांगितलं असतं? मलाही तेच वाटत होतं, म्हणून मला आणखी लाज वाटते.

सोमवारी झाड तोडायला माणसं येणार होती. शनिवारी सकाळी रिटाबाईंनी मला खणातून काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि कोणाला न सांगता बसने विरार गाठलं.

“भाऊ, माझ्या हातून हा मेला,” त्या दिनानाथांना म्हणाल्या. “याच्या लाटा परत येतील काय? झाड जगायचं तर त्या पाहिजेत.”

दिनानाथांनी चष्मा वर केला. “लाटांचा आणि कापण्याचा काय संबंध, वहिनी? त्या शोभेच्या. आणि त्या कुठे गेल्यात? पाव कापला तर आत काय, पावच ना? तसं याचं आहे. नऊ पट्ट्यांचे सगळे पदर आहेत आत, पार धारेपर्यंत.” मग त्यांनी मला उजेडात तिरका धरला आणि बोट थांबलं. “हा निळा डाग कशाने? चाकावर घातला होता?”

“स्टॅनीने.”

“मग तिथेच घोळ झाला. कोरड्या चाकावर धार तापली, तिचं पाणी उतरलं. मऊ पडलेली धार टिकेल कशी? तुमचा हात लागून काही झालं नाही, वहिनी.”

रिटाबाई स्टुलावर बसल्या आणि पदराने डोळे पुसले. महिनाभर त्या हे ओझं वागवत होत्या. आणि मी? आपण लाटांमुळे आहोत, हा माझा तोरा त्या शेडमध्ये उतरला, आणि खरं सांगतो, हलकं वाटलं.

दिनानाथांनी पाण्याने भिजलेल्या दगडावर माझी जळकी कड हळूहळू झिजवून टाकली. मग सुमेधाताईंकडून लोणच्यासाठी ठेवलेला शिरका, म्हणजे व्हिनेगर, मागवला, कोमट केला आणि मला त्यात उभं केलं. तासाभरात लाटा वर आल्या! कमानपट्टीचं पोलाद आंबटाने काळं पडतं, करवतीच्या पात्यात निकेल असतं म्हणून ते उजळ राहतं. मग चिंचेने मी काळा का झालो, ते आता तुम्हीच सांगा.

“आता धार तुम्ही लावायची,” दिनानाथ म्हणाले. त्यांनी माझ्या कडेला काळा मार्कर फासला. “दगडावर एकदा ओढा. शाई कुठली गेली?”

“वरची. धारेजवळची तशीच आहे.”

“म्हणजे पातं फार निजवलंत. थोडं उठवा. शाई धारेपर्यंत पुसली गेली की कोन बरोबर. तोच शेवटपर्यंत सांभाळायचा. घाई नाही, जोर नाही.”

एका बाजूने घासत गेल्यावर पलीकडे नखाला लागेल असा बारीक पापुद्रा निघतो. तो निघाला की बाजू बदलायची. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर मला उलटं फिरवायचं, म्हणजे तो झडतो. रिटाबाईंनी चार वेळा कोन चुकवला. पाचव्यांदा त्यांनी वर्तमानपत्राचा कागद माझ्यावर टेकवला, आणि तो आवाज न करता दोन झाला.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आल्यावर त्या थेट चाफ्याखाली गेल्या. फ्रेडरिक पाहत उभे राहिले. रिटाबाईंनी काडी घेतली आणि दोन ओढींत तिची पाचर केली, पाण्यासारखी सपाट. फ्रेडरिक खाली बसले आणि पट्टी बांधू लागले. अकरा कलमं झाली. सोमवारी झाड तोडलं. महिन्याने अकरापैकी चार काड्यांवर हिरवे कोंब दिसले.

त्या संध्याकाळी फ्रेडरिक दगड आणि मला घेऊन रिटाबाईंसमोर बसले. “मला दाखव कसं ते,” ते म्हणाले. “आणि मी तुला उगाच बोललो.”

“बोललात खरं,” रिटाबाई म्हणाल्या. “फार लागलं मला. आता आधी शाई लावा.”

तेव्हापासून दोघं मला आळीपाळीने धार लावतात. दर वेळी माझा केसभर भाग पाण्याबरोबर वाहून जातो. असा झिजत झिजत एक दिवस मी संपेन, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तू शोभेसाठी बंद करून ठेवू नका. त्या कशाने बनल्या ते विचारा, वापरा, वेळच्या वेळी त्यांची निगा राखा. आणि काही बिघडलं तर कोणावर बोट रोखण्याआधी ती वस्तू एकदा उजेडात तिरकी धरून बघा.